हाय-हॅटचा डावा पाय

सायखेड्यात सप्ताह बसला की रात्रीची जेवणं आटोपून माणसं देवळाकडे निघतात आणि गोदावरीच्या काठाने टाळांचा आवाज पसरतो. वीस-पंचवीस टाळकरी उभे, मध्ये पखवाज. लांबून तो एकच आवाज वाटतो. जवळ जाऊन एकाच टाळकऱ्याच्या हातांकडे पाहिलं तर त्यात कितीतरी आवाज सापडतात. टाळ एकमेकांवर दाबून धरले की कोरडा 'चट्' येतो. किंचित सैल सोडले की तेलात मोहरी पडावी तसा 'चर्र' होतो. मोकळे सोडले की 'झण्ण' लांबत जातो. हा झण्ण पुढच्या ठोक्याने मिटवायचा की वाहू द्यायचा, हे टाळकरी दर मात्रेला ठरवतो, आणि ते त्याचा हातच ठरवतो.

संगणकावर ड्रम वाजवायला बसलं की हाच प्रश्न दुसऱ्या रूपात पुढे येतो. मी आसपासच्या गायकांसाठी ट्रॅक बनवतो: भक्तिगीतं, लग्नातली गाणी, कधी एखादं कोळीगीत. खरा ड्रमसेट रेकॉर्ड करायचा तर बंदिस्त शांत खोली हवी, आठ-दहा माइक हवेत, जाणता ड्रमर हवा. सायखेड्यात कांद्याचा हंगाम सुरू झाला की उपबाजाराकडे निघालेल्या ट्रॅक्टरांचा आवाज दिवसभर खोलीत येतो. त्यामुळे नमुने घेतलेले ड्रम, म्हणजे कुणीतरी चांगल्या स्टुडिओत एकेक ठोका रेकॉर्ड करून ठेवलेले सॅम्पल, हाच आमच्यासारख्यांचा ड्रमसेट. त्यातला किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, आज सहज खरा वाटतो, स्नेअरही वाटतो. गाणं उघडं पाडतो तो हाय-हॅट.

कारण साध्या हिशेबात आहे. शंभरच्या टेम्पोचं चार मिनिटांचं गाणं घ्या. त्यात चारशे ठोके होतात. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धरला तर तो दोनशे वेळा वाजतो. हाय-हॅट अर्ध्या मात्रेने चालला तर आठशे वेळा वाजतो, पाव मात्रेने चालला तर सोळाशे वेळा. जी गोष्ट सोळाशे वेळा कानावर पडते तिचा खोटेपणा पहिल्या कडव्यातच कळतो. श्रोत्याला हाय-हॅट हा शब्द माहीत नसला तरी 'हे मशीनवर केलंय' असं तो बरोबर सांगतो.

मुळात हाय-हॅट ही चीज काय आहे? एका उभ्या दांड्यावर साधारण १४ इंची दोन थाळ्या, खालची उताणी आणि वरची पालथी, म्हणजे दोन्ही एकमेकींकडे तोंड करून. पायाखाली पॅडल. पॅडल दाबलं की वरची थाळी खालचीवर बसते, सोडलं की उचलली जाते. १९२०च्या दशकात अमेरिकेत हे यंत्र घोट्याएवढ्या उंचीचं होतं आणि त्याला 'लो-बॉय' म्हणत. पुढे दांडा वाढून थाळ्या हाताच्या टप्प्यात आल्या आणि काठीने वाजू लागल्या. १९३०च्या दशकात काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जो जोन्स यांनी गाण्याची लय किकवरून उचलून हाय-हॅटवर ठेवली. आजचा प्रत्येक ड्रमर त्या बदलाचा वारस आहे. धातूही आपल्या ओळखीचा आहे. चांगल्या थाळ्यांत ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. आपल्या कांशातही साधारण ७८ ला २२ असं प्रमाण असतं. म्हणजे १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू झालेल्या झिल्जान घराण्याची थाळी आणि आपल्याकडचा कांस्याचा टाळ ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत.

या यंत्रातून येणारे आवाज मोजायला बसलं तर यादी लांबते. थाळ्या घट्ट मिटलेल्या, हलक्या मिटलेल्या, केसभर उघड्या, पाव उघड्या, अर्ध्या, पूर्ण. प्रत्येक अवस्थेत काठीचं टोक थाळीच्या पाठीवर मारलं तर एक आवाज, काठीची मान कडेवर मारली तर दुसरा, जास्त जाडा. काठी न लावता नुसत्या पायाने मिटवलं तर 'चिक्', पायाने आपटून लगेच सोडलं तर छोटा 'छस्स'. पण खरी अडचण यादीच्या लांबीची नाही. स्नेअरचा ठोका पडला की त्याचं आयुष्य तिथेच संपतं. हाय-हॅटचा ठोका पडल्यावरही त्याचं पुढे काय होणार हे डाव्या पायाच्या हातात असतं. आधीचा आवाज अजून वाजत असतो, पाय हळूच दाबला जातो, चर्र बारीक होत जातो आणि त्यातच पुढची काठी पडते. हाय-हॅट म्हणजे सुट्या ठोक्यांची माळ नव्हे. ती सतत चालू असलेली एकच वस्तू आहे आणि काठी तिला अधूनमधून हलवते. हे मनावर घेतलं की पुढची सगळी तंत्रं कुठे बसतात ते दिसतं, आणि बहुतेक ट्रॅक कुठे फसतात तेही.

यंत्रांनी या वस्तूला पकडण्याचा प्रयत्न केला तो तुकड्या-तुकड्यांनी. १९८० साली आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये सॅम्पल नव्हतेच. सहा चौकोनी लहरींची खिचडी गाळून त्यातून धातूसारखा आवाज काढला होता. त्याच वर्षी रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं, खऱ्या ड्रमचे नमुने असलेलं. त्यात हाय-हॅट होता, पण मोठ्या झांजा नव्हत्या. लांब वाजणारा आवाज साठवायला तेव्हा स्मृती फार महाग होती. ८०८ च्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी शिकवून जाते. त्याचा बंद आणि उघडा हॅट एकाच मंडलातून निघतात, त्यामुळे बंद वाजला की उघडा आपोआप मिटतो. आवाज कृत्रिम, पण वागणं खरं. पुढच्या कित्येक यंत्रांत नेमकं उलटं झालं: आवाज खरा, वागणं खोटं.

मग १९८३ साली मिडी आली. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचं प्रॉफेट-६०० आणि रोलँडचं जुपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने जोडून वाजवली गेली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जाते: कोणता स्वर, किती जोराने, कधी. जोर ० ते १२७ मध्ये मोजायचा. १९९१ साली जनरल मिडीचं कोष्टक ठरलं आणि त्यात हाय-हॅटच्या वाट्याला तीन क्रमांक आले: ४२ बंद, ४४ पॅडल, ४६ उघडा. तिन्ही एकाच गटात, एक वाजला की दुसरा थांबावा अशी व्यवस्था. तीन क्रमांकांनी कामचलाऊ संगीताची मोठी सोय केली हे खरं, पण त्यांनीच जगभरच्या प्रोग्रॅमरांना हाय-हॅटला तीनच अवस्था असतात असं शिकवलं.

आपल्याकडे हा धडा आणखी आक्रसला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ यांच्यासारखे गोव्याचे ड्रमर प्रत्यक्ष वाजवत होते तोवर पाय जिवंत होता. १९८२ मध्ये मुंबईचे चरणजित सिंग यांनी ८०८ च्या ठेक्यावर राग वाजवून एक तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही, आज जगभर तिचं नाव आहे. गावोगाव मात्र यंत्र पोहोचलं ते ऑक्टोपॅडच्या रूपाने. रोलँडने १९८५ मध्ये तो आणला आणि पुढच्या आवृत्त्यांनी आपल्या ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्या व्यापल्या. आठ चौकोन, एका चौकोनावर बंद हॅट, शेजारच्यावर उघडा. त्याला हाय-हॅटचं पॅडल जोडता येतं, पण मिरवणुकीत उभ्याने वाजवणारा कलाकार पॅडल कुठे ठेवणार? त्यामुळे आमच्या पिढीचा कान दोन चौकोनांच्या हॅटवर तयार झाला. त्या वादकांचा हात कमालीचा तयार असतो, मी त्यांच्याकडून खूप शिकलो आहे. पण त्यांच्या हातात यंत्राने पाय दिलाच नाही.

आता आजच्या साधनांकडे येऊ. पहिला रोग सगळ्यांना माहीत आहे: एकच सॅम्पल सलग वाजला की मशिनगनसारखा आवाज येतो. खरा ड्रमर दोनदा अगदी सारखा ठोका मारूच शकत नाही. यावर सॅम्पलच्या संग्रहांनी, म्हणजे लायब्ऱ्यांनी, दोन उपाय केले. एक, जोराचे थर: हळू, मध्यम, जोरात अशा वेगवेगळ्या ठोक्यांचे वेगळे नमुने. दुसरा, एकाच जोराचे अनेक नमुने आळीपाळीने वाजवणं. टूनट्रॅकचे ईझीड्रमर आणि सुपीरिअर ड्रमर, एक्सएलएनचा ॲडिक्टिव्ह ड्रम्स, एफएक्सपॅन्शनने काढलेला बीएफडी, स्टीव्हन स्लेट यांचे ड्रम्स, सगळ्यांनी हे चोख केलं आहे. मोफतमध्ये सॅलमांडर ड्रमकिट आहे, ड्रमगिझ्मो आहे. सुरुवातीला ते पुरे. हा प्रश्न माझ्या मते सुटलेला आहे. आज ज्याचा हॅट मशिनगनसारखा वाजतो त्याने लायब्ररीला दोष देऊ नये, त्याने बहुधा प्रत्येक ठोका १२७ वर ठेवलेला असतो.

दुसरा प्रश्न, मिटण्याचा, निम्माच सुटला आहे. उघड्या हॅटवर बंद ठोका पडला की उघडा थांबतो. याला चोक म्हणतात आणि ते सगळीकडे आहे. पण पायाची मधली वाट मिडीत कंट्रोलर क्रमांक ४ वरून जाते. पाय किती दाबला आहे हे ० ते १२७ मध्ये सतत सांगणारी ती रेघ आहे. चांगल्या लायब्ऱ्यांत ही रेघ हॅटच्या पाच-सहा उघडझापींना जोडलेली असते. कुठे ० म्हणजे उघडा, कुठे उलटं. आधी हे तपासून घ्यावं, नाहीतर संध्याकाळ वाया जाते. माझी पद्धत अशी आहे. नुसती ४२ आणि ४६ ची टिंबं टाकत बसण्याआधी मी गाण्याभर पायाची रेघ काढतो. कडव्यात पाय घट्ट. ध्रुवपदाकडे जाताना शेवटच्या दोन मात्रांत रेघ हळूहळू सैल. ध्रुवपदात केसभर उघडा, म्हणजे चर्र अंगावर येतो आणि गाणं मोठं होतं. मग त्या रेघेवर काठीचे ठोके बसवतो. क्रम उलटा केला की फरक ताबडतोब ऐकू येतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के ट्रॅक इथे घसरतात असं मला वाटतं. चौथ्या ठोक्याच्या मागच्या अर्ध्या मात्रेला हॅट उघडायचा आणि पुढच्या समेवर मिटवायचा, ही सगळ्यात परिचित चाल. लोक ४६ टाकतात आणि समेवर ४२. ऐकायला बरं वाटतं, पण खरा ड्रमर हे असं करत नाही. त्याचा पाय ठोक्याच्या किंचित आधी उचलला जातो, काठी कडेवर जोरात पडते, आणि समेवर आधी पाय मिटतो. काठी त्याच क्षणी पडेल किंवा पडणारही नाही, कारण कदाचित त्या समेवर उजवा हात क्रॅशच्या मोठ्या थाळीवर गेलेला असतो. म्हणून समेवर ४४ हवा, पॅडलचा, कमी जोराचा. आणि उघडण्याच्या आधीचा बंद ठोकाही थोडा सैल हवा, कारण पाय तेव्हाच हलायला लागलेला असतो. तीन टिंबांचं काम, पण त्यात माणूस दिसतो.

जोराबद्दल बोलताना लोक आकडे मागतात. आकडे देता येतात, पण आधी हात समजायला हवा. अर्ध्या मात्रेने हॅट वाजवताना मनगट एकदा खाली पडतं आणि एकदा सहज वर येता येता काठी लागते. खालच्या ठोक्याला काठीची मान कडेवर, वरच्याला टोक पाठीवर. म्हणजे हा नुसता मोठा-लहान फरक नाही. आवाजाची जातच बदलते. माझ्या ट्रॅकमध्ये ठोक्यावरचा हॅट ९० ते १०० च्या आसपास असतो आणि मधला ५५ ते ७० च्या. जिथे लायब्ररीत कड आणि टोक वेगळ्या क्रमांकांवर आहेत तिथे दोन्ही वापरतो. रोलँडच्या इलेक्ट्रॉनिक ड्रममध्ये बंद कडेला २२ आणि उघड्या कडेला २६ असे जादा क्रमांक आहेतच. दोन हातांनी पाव मात्रा वाजत असतील तर डाव्या हाताचे ठोके किंचित हलके आणि वेगळ्या नमुन्याचे. १२७ मी पूर्ण गाण्यात एक-दोनदाच वापरतो.

आणि माणसाला हात दोनच. हे वाक्य इतकं उघड आहे की ते विसरलं जातं. दोन हातांनी पाव मात्रांचा हॅट चालला असेल तर दुसऱ्या ठोक्यावर उजवा हात स्नेअरवर जातो, म्हणजे तिथला हॅटचा ठोका गळायलाच हवा. टॉमवर फिरकी घेताना हॅटची काठी थांबते. चालू राहिलाच तर फक्त पायाचा चिक्. क्रॅश आणि स्नेअर एकत्र पडले तर त्या क्षणी हॅट नाही. गळालेल्या ठोक्यांच्या त्या रिकाम्या जागाच ऐकणाऱ्याला सांगतात की इथे कुणीतरी बसून वाजवतंय. चांगल्या प्रोग्रॅमरचं निम्मं काम खोडण्याचं असतं.

आता वेळेचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. शंभरच्या टेम्पोत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, पाव मात्रा १५० ची. सॉफ्टवेअर ठोके जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, अचूक बसवतं आणि ते निर्जीव वाटतं. मग 'ह्यूमनाइझ' नावाचं बटण दाबलं जातं: प्रत्येक ठोका थोडा पुढे-मागे, नशिबाच्या फाशाप्रमाणे. हे बटण मला पटत नाही, आणि संशोधनही माझ्या बाजूने आहे. जर्मनीत गॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की माणसाच्या लयीतल्या चुका सुट्या सुट्या नसतात. आत्ताच्या ठोक्याचा उशीर शंभर ठोक्यांपूर्वीच्या उशिराशीही नातं राखतो. लय हळूहळू सरकते, हळूहळू सावरते. श्रोत्यांना दोन्ही प्रकार ऐकवले तेव्हा त्यांना असं नातं असलेले फरक आवडले, फाशासारखे नाहीत.

पुढे २०१५ मध्ये एसा रेसॅनेन, हेनिग आणि इतरांनी याच प्रश्नासाठी थेट एक हाय-हॅट निवडला. मायकल मॅकडॉनल्ड यांच्या १९८२ च्या 'आय कीप फर्गेटिन' या गाण्यात जेफ पोर्कारो यांनी एका हाताने पाव मात्रांचा हॅट वाजवला आहे. संशोधकांनी तो ठोका-ठोका मोजला. वेळेत आणि जोरातही तेच लांब पल्ल्याचं नातं निघालं. गाण्यातला जोर लाटेसारखा चढतो-उतरतो, आणि ती लाट एका मापापुरती, म्हणजे बारपुरती, नाही. मला हा अभ्यास या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यातून कामाची एक रीत निघते: एकेक ठोका इकडे-तिकडे ढकलण्याऐवजी आठ-सोळा मापांवर पसरलेली एक सावकाश रेघ काढावी आणि सगळा हॅट तिच्यावर तरंगू द्यावा. मी जोराची अशी रेघ हाताने, मॉड्युलेशनच्या चाकावर, गाणं ऐकत ऐकत काढतो. दहा मिनिटं लागतात.

झोलाबद्दलही, म्हणजे स्विंगबद्दल, एक भ्रम आहे: दोन अर्ध्या मात्रांचं प्रमाण २ ला १ केलं की झोल आला. अँडर्स फ्रिबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रोम यांनी २००२ मध्ये जॅझ ड्रमरांचे थाळीवरचे ठोके मोजले. संथ लयीत प्रमाण साडेतीनला एकपर्यंत गेलं होतं आणि जलद लयीत जवळजवळ बरोबरीवर आलं होतं. म्हणजे टेम्पो बदलला की झोल बदलायला हवा. रॉजर लिन यांच्याच एलएम-१ ने स्विंगची टक्केवारी लोकांच्या हातात दिली, आणि तेव्हापासून सगळे ती ६६ वर ठेवून मोकळे होतात. संथ भावगीताला तो झोल तोकडा पडतो, जलद हळदीच्या गाण्याला जास्त होतो.

तयार मिडी ठेके, म्हणजे खऱ्या ड्रमरने इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवून दिलेले, हा सोपा आणि प्रामाणिक मार्ग आहे. वापरावेत. फक्त त्यात पायाची रेघ नोंदलेली आहे का ते पाहावं आणि आपल्या लायब्ररीच्या क्रमांकांशी जुळवून घ्यावं. कृत्रिम बुद्धिमत्तेचाही प्रयत्न झाला आहे. गूगलच्या मॅजेंटा गटाने २०१९ मध्ये दहा ड्रमरांकडून रोलँड टीडी-११ वर वाजवून घेतलेला १३.६ तासांचा मिडी संग्रह खुला केला आणि निर्जीव ठेका सजीव करणारं मॉडेल बनवलं. जोर आणि वेळ त्याला बऱ्यापैकी जमली. पण शिकवताना ड्रमचे आवाज नऊ गटांत कोंबले, त्यात हाय-हॅटचे दोनच: बंद आणि उघडा. पुन्हा पाय गेला! ज्यांनी एवढा मोठा संग्रह केला त्यांनीही तो सर्वांत बोलका अवयव वगळावा याचं मला वाईट वाटतं.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये हॅट स्वतःच्या माइकपेक्षा डोक्यावरच्या माइकांतून आणि स्नेअरच्या माइकात गळून येतो. लायब्ररीत हे गळणं चालू ठेवा. त्याशिवाय हॅट ड्रमसेटपासून तुटलेला वाटतो. आणि त्याचा आवाज तुम्हाला योग्य वाटेल त्याहून थोडा कमी ठेवा.

आता आपल्या गाण्यांकडे. पाश्चात्त्य पुस्तकं शिकवतात ती हॅटची चाल चार मात्रांची. आपली लावणी, आपलं कोळीगीत सिक्स-एटमध्ये चालतं. तिथे सहाच्या सहा ठोके सारखे वाजवले की गाणं शिवणयंत्रासारखं पळतं. पहिला आणि चौथा उचलावा, बाकीचे टोकाने, आणि सहावा कधी कधी केसभर उघडा, म्हणजे पुढची सम ओढली जाते. ढोलकी असेल तर हॅटने मागे राहावं. ढोलकीच्या चाटीचा कडक आवाज आणि बंद हॅट एकमेकांच्या जागेवर येतात, आणि तिथे हक्क ढोलकीचा. भजनी ठेक्यात तर माझं ठाम मत आहे की हाय-हॅट नकोच. ती जागा टाळांची आहे. टाळकरी अभंगाच्या सुरुवातीला लय धरून असतात, लय वाढली की टाळ दुप्पट होतात, आणि पावली खेळताना पाय आणि टाळ एकत्रच पडतात. पॅडलवरच्या डाव्या पायाचं जे काम आम्ही रेघेने करू पाहतो ते वारकऱ्याचं अंग शतकानुशतकं करतं आहे. शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू थाळी वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि आवाज खाली वाकत जातो. थाळीचा आवाज ठोक्यापाशी संपत नाही हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

पण टाळाचा चांगला सॅम्पल कुठे आहे? ज्या लायब्ऱ्या मी वापरल्या त्यांत टाळ किंवा मंजिरा सापडला तर एक-दोन मोकळ्या ठोक्यांपुरता. दाबलेला नाही, चर्र नाही, मिटणं नाही. म्हणून आमच्या भक्तिगीतांत अमेरिकन हॅट आणि मोकळा मंजिरा एकमेकांवर चढवले जातात आणि दोन्ही खोटे वाटतात. हे आपल्याला स्वतः करता येण्यासारखं आहे. एसएफझेड नावाचा खुला प्रकार आहे. त्यात साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं की कोणता नमुना कोणत्या जोराला, कंट्रोलर ४ च्या कोणत्या टप्प्यात, कितव्या पाळीला वाजेल आणि कोणता गट कोणाला थांबवेल. प्लोगचा स्फोर्झांदो हा मोफत वादक ती फाईल वाजवतो. टाळांतली पाच अंतरं, घट्ट मिटलेल्यापासून मोकळ्यापर्यंत. प्रत्येकी पाच जोर. प्रत्येकाचे आठ ठोके. दोनशे ठोके झाले. त्यावर मिटण्याचे दहा-वीस. दोन माइक, एक शांत खोली आणि एक अनुभवी टाळकरी पुरे, आणि काम एका दुपारचं.

तुमच्या गावच्या भजनी मंडळाकडे कांस्याची जुनी, आवाजाला मुरलेली जोडी असेल तर पुढच्या सप्ताहाआधी एका दुपारी ती रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक ठोक्यानंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा, कापू नका. आणि फाईली सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवा.